गावाला विचारण्याचा कायदा



आज तुम्हाला एका कायद्याची गोष्ट सांगायची आहे. कायदा म्हटला की आपण दचकतो. वकील, कोर्ट आणि तारखा आठवतात. पण हा कायदा वेगळा आहे. हा कायदा आपल्याला हुकूम करत नाही. तो आपल्याला विचारतो, "तुमच्या गावाजवळ मोठे काम होणार आहे. तुमचे म्हणणे काय?"

विचारणारा विचारतो, पण उत्तर द्यायला आपण जागेवर नसतो. मग काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात माझीही चूक होती. तीच आधी सांगतो.

चुकलेली तारीख

मी भाईंदर पूर्वेला राहतो. नवघर, गोडदेव, खारी ही इथली जुनी गावे. आज इथे इमारतींची दाटी आहे. पण माझ्या लहानपणी गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना मिठागरे दिसत. पांढऱ्या मिठाच्या राशी उन्हात चमकत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी खाडीपलीकडच्या एका गावी मुख्याध्यापक होतो. तिथेही मिठागर होते. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचे. ते वाफ्यांत खेळवायचे. उन्हाने पाणी आटते आणि मीठ उरते. साऱ्या गावाचे पोट त्या पाण्यावर होते.

एके सकाळी पंचायतीच्या फळ्यावर एक नोटीस लागली. मिठागरावर काम करणाऱ्या एक मावशी तिथे उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, या कागदान काय लिवलंय?"

मी कागदावर नजर टाकली. वर 'जनसुनावणी' असा जाड शब्द होता. खाली बारीक अक्षरे होती. शाळेची घंटा होत होती. मी म्हणालो, "सरकारी कागद आहे, मावशी. आपल्या कामाचा नाही."

तो कागद महिनाभर तिथेच होता. मी रोज त्याच्यासमोरून गेलो. सुनावणीची तारीख आली आणि गेली. आमच्या गावातले कोणीही गेले नाही. पुढे काम सुरू झाले. मातीचा भराव पडला. त्या भरावाने खाडीचे पाणी अडले. मिठागर कोरडे पडले, आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी घरांत शिरले.

मग आम्ही दहा-बारा जण कचेरीत गेलो. साहेबांनी फाईल काढून पाहिली. ते म्हणाले, "सुनावणी रीतसर झाली आहे. तुमच्या गावाची एकही हरकत नाही."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी हा कायदा समजून घेऊ लागलो.

आधी परिणाम पाहा, मग काम करा

आपण शेतात बांध घालतो. बांध उंच केला तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात तुंबेल का, हे शहाणा शेतकरी आधी पाहतो. शेजाऱ्याला विचारतो. बांध घातल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

मोठ्या कामांचेही तसेच आहे. बंदर, धरण, खाण, विजेचा कारखाना, रसायनांचा कारखाना ही मोठी कामे. त्यांचा परिणाम पाण्यावर, हवेवर, मासळीवर, शेतीवर आणि माणसांच्या पोटावर होतो. म्हणून काम सुरू करण्याआधी परिणामांचा अभ्यास करायचा. तो लिहून काढायचा. मगच परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचे. या लिखाणाला 'पर्यावरण परिणाम अहवाल' म्हणतात. पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतालचे पाणी, हवा, जमीन, झाडे आणि जीवजंतू.

असा कायदा अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी लागू झाला. नंतर पुष्कळ देशांनी तसे कायदे केले.

पण हा अहवाल कोण लिहितो? आपल्या देशात ज्याला काम करायचे आहे तोच पैसे देऊन तज्ज्ञांकडून तो लिहून घेतो. तज्ज्ञ शिकलेले असतात. त्यांना यंत्रे ठाऊक असतात. पण कोणत्या महिन्यात खाडीच्या कोणत्या वळणावर मासळी अंडी घालते? भर उन्हाळ्यात डोंगरातला कोणता झरा आटत नाही? हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला ठाऊक असते. त्याला विचारले नाही तर अहवाल अर्धाच राहतो.

न्यायाधीश गावोगाव गेले

ही गोष्ट कॅनडा देशात लोकांनी कशी पटवून दिली ते पाहा.

कॅनडाच्या उत्तरेला फार थंडी असते. तिथे मॅकेंझी नावाची मोठी नदी आहे. तिच्या खोऱ्यात डेने, इन्युइट वगैरे आदिवासी लोक राहतात. शिकार आणि मासेमारीवर त्यांचा निर्वाह चाले. तिथून जमिनीतल्या वायूची लांब नळवाट न्यायचे ठरत होते. १९७४ साली सरकारने टॉमस बर्जर या न्यायाधीशांना चौकशीला नेमले.

बर्जर कचेरीत बसून राहिले नाहीत. ते ३५ वस्त्यांमध्ये गेले. सुमारे १००० लोकांचे म्हणणे त्यांनी ऐकले. लोक आपापल्या भाषेत बोलले. दुभाषे सोबत होते. दिवसभरात कोण काय बोलले, ते रेडिओवरून त्या त्या भाषेत सांगितले जाई. त्यामुळे एका वस्तीचे म्हणणे दुसऱ्या वस्तीला कळे.

१९७७ साली बर्जर यांनी अहवाल दिला. या लोकांचा जमिनीवरचा हक्क आधी ठरवा आणि तोवर दहा वर्षे नळवाट घालू नका, असे त्यांनी सांगितले. ती वायूची नळवाट पुढे बांधली गेलीच नाही. २०१९ साली कॅनडाने नवा कायदा केला. मोठ्या कामाचा परिणाम तपासताना आदिवासींचे पारंपरिक ज्ञान विचारात घेतलेच पाहिजे, असे त्यात लिहिले आहे.

आपल्या देशातला कायदा

आपल्याकडे कायदा एका मोठ्या दुःखानंतर आला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ शहरात कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना आत काय साठवले आहे याची कल्पना नव्हती. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला.

त्या कायद्याखाली १९९४ साली सरकारने नियम काढला. ठरावीक मोठ्या कामांसाठी परिणामांचा अहवाल सक्तीचा झाला. १९९७ साली त्यात जनसुनावणीची पद्धत घातली गेली. जनसुनावणी म्हणजे लोकांचे म्हणणे ऐकण्याची सरकारी सभा. १४ सप्टेंबर २००६ रोजी नवा नियम आला. तो असा आहे :

सुनावणीआधी निदान ३० दिवस नोटीस द्यावी लागते. ती देशपातळीवरच्या एका वर्तमानपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात छापावी लागते.

अहवालाचा सारांश, म्हणजे थोडक्यातला मजकूर, स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. आपल्याकडे तो मराठीत मिळाला पाहिजे. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, पंचायत किंवा पालिका अशा ठिकाणी तो लोकांना बघायला ठेवावा लागतो.

सुनावणी कामाच्या जागी किंवा तिच्या जवळपास घ्यायची असते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते. जिल्हाधिकारी, म्हणजे कलेक्टर, किंवा त्यांनी नेमलेले मोठे अधिकारी अध्यक्ष असतात.

हजर असलेला कोणीही प्रश्न विचारू शकतो. ज्याला येता येत नाही तो लेखी म्हणणे पाठवू शकतो. सभेचे चित्रण करतात. शेवटी लोकांनी काय म्हटले त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. सुनावणीला किती माणसे हवीत, याची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरतात. आमच्या गावाचे नेमके हेच झाले.

आदिवासी गावांना जादा हक्क

आतापर्यंत सांगितला तो हक्क सर्वांना आहे. आदिवासी भागासाठी आणखी दोन कायदे आहेत.

पहिला १९९६ चा. त्याला 'पेसा' म्हणतात. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांना तो लागू आहे. अशा भागात विकासकामासाठी जमीन घ्यायची असेल तर आधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो.

दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क त्याने मान्य केला. तो हक्क वापरून आपल्या राज्यातले गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव नावारूपाला आले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच साली केंद्र सरकारने आदेश काढला की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी.

या संमतीची ताकद केवढी, ते ओडिशा राज्यात दिसले. तिथे नियमगिरी नावाचा डोंगर आहे. डोंगरिया कोंध आदिवासी त्याला देव मानतात. त्या डोंगरात बॉक्साइटची खाण करायची होती. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढतात. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले, ग्रामसभांना विचारा. मग १२ गावांत सभा झाल्या. प्रत्येक सभेला न्यायाधीश दर्जाचे निरीक्षक हजर होते. बाराही गावांनी 'नाही' म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने खाणीला परवानगी नाकारली.

आता आमच्याकडचे ऐका. भाईंदरचे जुने रहिवासी म्हणजे मुख्यतः आगरी आणि कोळी. तेही पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगलेले. पण आगरी आणि सोनकोळी हे सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. शिवाय 'पेसा' अनुसूचित क्षेत्राला लागू होतो आणि भाईंदर त्यात येत नाही, म्हणून त्यांना त्याचा आधार नाही. त्यांच्या हातात मुख्यतः जनसुनावणीच आहे. ती चुकवली की हातचे गेले.

शेजारचे उदाहरण : डहाणू

आपल्या किनाऱ्यावर उत्तरेला डहाणू तालुका आहे. तिथे बहुसंख्य वस्ती वारली आणि इतर आदिवासींची. चिकूच्या बागा आहेत. किनाऱ्याला मच्छीमारांची गावे आहेत. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला आणि तिथल्या कारखान्यांवर मर्यादा घातली.

नियम कागदावर होता. तो पाळला जात नाही म्हणून लोक न्यायालयात गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणूसाठी एक प्राधिकरण, म्हणजे अधिकार असलेले मंडळ, नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. तालुक्यात वाढवण गावाजवळ मोठे बंदर करायचे घाटत होते. १९९८ साली प्राधिकरणाने सांगितले, असे बंदर इथे होऊ शकत नाही. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ साली वारले.

पुढे बंदराचा विषय पुन्हा निघाला. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून संमती दिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला जनसुनावणी झाली. मच्छीमार, शेतकरी आणि आदिवासी यांनी विरोध मांडला. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पर्यावरणाची परवानगी दिली. प्राधिकरणाच्या संमतीविरुद्धचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळले. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराचे भूमिपूजन झाले.

बंदर हवे की नको, हे सांगायला मी लिहीत नाही. बंदराने रोजगार येईल असे म्हणणारे आहेत. मासेमारी बुडेल असे म्हणणारेही आहेत. मला दुसरेच दाखवायचे आहे. नियमगिरीत संमती मागितली होती. वाढवणला म्हणणे ऐकले गेले. ऐकणे वेगळे आणि मानणे वेगळे. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे.

मग कशाला जायचे?

तुम्ही म्हणाल, "मास्तर, ऐकून सोडूनच द्यायचं असेल तर भाडं खर्चून जायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे. सभेत मांडलेली हरकत नोंदली जाते. काम करणाऱ्याला शेवटच्या अहवालात तिचे उत्तर द्यावे लागते. तज्ज्ञांची समिती ते पाहते. हरकतीवरून अटी घातल्या जातात. परवानगी चुकीची वाटली तर ३० दिवसांच्या आत हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे खास न्यायालय २०१० च्या कायद्याने झाले. त्याचे एक पीठ पुण्यात आहे. तिथे असा प्रश्न येऊ शकतो, "तुम्ही सुनावणीत काय म्हणाला होता?" तेव्हा नोंदलेली हरकत उपयोगी पडते. कागदावर नसलेले बोलणे वाऱ्यावर जाते.

कायद्यात पळवाटाही आहेत. इमारतींच्या कामांना जनसुनावणी लागत नाही. रेल्वेची कामे तर या नियमाच्या यादीतच नाहीत. भाईंदरसारख्या गावाने हे विशेष समजून घ्यावे. २०२२ साली जंगलाचे नियम बदलले. ग्रामसभेचा हक्क पाळला की नाही हे पाहण्याचे काम त्यांनी राज्य सरकारवर टाकले.

पण लोक जागे असले की काय होते तेही पाहा. २०२० साली केंद्राने नव्या नियमाचा मसुदा, म्हणजे कच्चे लिखाण, काढला. त्यात नोटिशीची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणली होती. शिवाय तो इंग्रजी आणि हिंदीत होता. मराठी, कानडी, तमिळ माणसाने तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, तो देशाच्या २२ भाषांत द्या आणि हरकतींची मुदत वाढवा. लाखो लोकांनी हरकती पाठवल्या. तो मसुदा पक्का नियम झाला नाही.

आपण काय करावे?

पहिले, फळ्यावरचा कागद वाचावा. 'जनसुनावणी', 'हरकत', 'मुदत' आणि 'तारीख' हे चार शब्द आधी शोधावेत.

दुसरे, मराठीतला सारांश मागावा. आपल्या गावाची खाडी, विहीर, वाट, चराऊ रान आणि देवस्थान त्यात आहे का, ते पाहावे. नसेल तर तीच पहिली हरकत.

तिसरे, चार घरे जमवून बोलावे. बायकांना जरूर बोलवावे. पाणी कुठून आणायचे आणि मासळी कुठे विकायची, हे त्यांना जास्त ठाऊक असते.

चौथे, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. हजेरीचा कागद असेल तर वर 'हजेरी' असे लिहिले आहे का, ते वाचावे.

पाचवे, हरकत लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी.

हरकत लिहायला मोठी भाषा लागत नाही. नमुना पाहा :

"महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांस,
विषय : अमुक कामाबद्दल हरकत.
मी अमुक गावात राहते. खाडीतली मासळी विकून घर चालवते. या कामाच्या भरावाने होड्यांची वाट बंद होईल. अहवालात या वाटेचा उल्लेख नाही. तरी जागा पाहून ही वाट अहवालात घ्यावी. वाटेची सोय झाल्याशिवाय परवानगी देऊ नये. माझे म्हणणे सभेच्या नोंदीत लिहावे.
सही, पूर्ण नाव, गाव, तारीख."

एवढे पुरे. आपले नुकसान काय, कुठे आणि कसे, ते नेमके लिहावे. नुसता "विरोध आहे" असे लिहिण्यापेक्षा याचे वजन जास्त.

शेवटी

त्या मावशी आता हयात नाहीत. मिठागर गेल्यावर त्यांच्या मुलाने बिऱ्हाड भाईंदर पूर्वेला आणले. त्यांची सून आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. गेल्या उन्हाळ्यात ती आणि मी एकाच वाटेने बाजारातून परत येत होतो. चौकात पाणी बंद राहण्याची नोटीस लागली होती. ती थांबली. एकेक अक्षर जुळवत तिने ती सगळी वाचली. एका शब्दापाशी अडली आणि मला विचारले, "मास्तर, 'पूर्वसूचना' म्हंजे काय?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिला सांगितले. पूर्वसूचना म्हणजे आधी दिलेली खबर.

बंधू-भगिनींनो, खबर आधी देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. ते काही एका दिवसात झाले नाही. भोपाळात माणसे मेली, डहाणूचे लोक न्यायालयात गेले, नियमगिरीच्या डोंगरात बारा सभा भरल्या. खबर वाचण्याचे काम मात्र आपले आहे. तुम्हाला आता वाचता येते. फळ्यावर कागद दिसला की थांबा. पूर्ण वाचा. आणि शेजारी कोणी उभे असेल, त्याला वाचता येत नसेल, तर त्यालाही वाचून दाखवा. "आपल्या कामाचा नाही" असे माझ्यासारखे म्हणू नका.